वाहत्या पाण्यात चारा टिकवायचा कसा?

आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत मासे पकडायच्या एका भोकं पाडलेल्या नळीचं काय काम? आणि तेही साकीनाक्यात, जिथे डोक्यावरून मेट्रो जाते आणि खाली रिक्षा हलत नाही? प्रश्न रास्त आहे. पण आपण आत्ता जिथे बसलो आहोत तिथून साकी विहार रोडने दोन-तीन किलोमीटर वर गेलं की पवई तलाव लागतो. तिथे आजही माणसं गळ टाकून तासन्‌तास बसतात. आणि इथून सफेद पुलाच्या बाजूला गेलं की मिठी नदी लागते. तिथे कुणीही गळ टाकत नाही. वर साठलेलं पाणी, त्यात मासे आणि मासे धरणारी माणसं. खाली वाहतं पाणी, आणि मासा नाही. हे असं कसं झालं, ते आपण या नळीच्या निमित्ताने बघणार आहोत.

आधी ती वस्तू काय आहे ते समजून घेऊ. तिला म्हणतात स्विमफीडर. इंग्रज गळकऱ्यांच्या बोलीत ‘स्विम’ म्हणजे पोहणं नव्हे, तर नदीचा तो तुकडा जिथे गळकरी बसतो आणि जिथे मासा येईल असा त्याचा अंदाज असतो. आपण ज्याला ‘माझी जागा’ म्हणू, ती. त्या जागेत चारा पोचवणारा तो फीडर. अंगठ्यापेक्षा थोडी जाड, बोटभर लांबीची प्लॅस्टिकची नळी किंवा तारेचा छोटा पिंजरा, अंगाला भोकं, बाजूला वजनासाठी शिशाची पट्टी. आत चारा भरायचा. खाली हात-दोन हात दोर आणि त्याच्या टोकाला गळ, गळाला आमिष.

इथे दोन शब्द आपण वेगळे ठेवू या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमिष म्हणजे गळाला लावलेलं. चारा म्हणजे गळाला न लावलेलं, नुसतं पाण्यात टाकलेलं. आमिष माशाला पकडतं, चारा माशाला बोलावतो. थांबलेल्या पाण्यात हे सोपं आहे. पिठाचा गोळा टाकला की तो जिथे टाकला तिथेच तळाशी बसतो, फुटतो, वास पसरतो, मासा येतो. तुम्ही गळ त्याच जागी टाकता. संपलं.

वाहत्या पाण्यात मात्र गोळा टाकला की धार त्याला उचलते. तो तळाला लागेपर्यंत किती पुढे गेला ते वरून कळत नाही. तुमचा गळ इथे आणि जेवणाची पंगत तिकडे वीस हातांवर, असं होतं. वाईट म्हणजे आलेला मासाही त्या चाऱ्यामागे खाली निघून जातो. म्हणजे चारा टाकून तुम्ही आपल्याच जागेतला मासा हाकलून दिलात! फीडर ही अडचण सोडवतो. चारा आणि आमिष एकाच दोराला बांधून एकाच ठिकाणी तळाशी जातात. धार फीडरच्या भोकांतून शिरते, चारा थोडा थोडा बाहेर काढते आणि प्रवाहाच्या दिशेने त्याची एक रेघ ओढते. गळ नेमका त्या रेघेत पडलेला असतो. मासा खालून रेघ धरून वर येतो. ज्या धारेने आधी काम बिघडवलं होतं, तीच आता वाढप करायला लागते.

यातलं कसब वजनात आहे. फीडर फार जड असेल तर तो दगडासारखा बसतो, फार हलका असेल तर गडगडत जातो. जाणकार गळकरी तो असा निवडतो की धारेत जेमतेम टिकेल. मग दोराला मुद्दाम थोडी ढील देतो, पाण्यात दोराचा धनुष्यासारखा बाक तयार होतो आणि पाण्याचा दाब त्या बाकावर वाटला जातो. काठीचं टोक किंचित वाकलेलं राहतं. माशाने आमिष ओढलं की जेमतेम टिकलेला फीडर सुटतो, आणि वाकलेलं टोक ताडकन सरळ होतं. म्हणजे मासा लागला की काठी वाकायची ती इथे सरळ होते! नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. आणखी एक गोष्ट शिस्तीची. सुरुवातीला दर चार-पाच मिनिटांनी फीडर काढायचा, भरायचा आणि पुन्हा तिथेच टाकायचा. जागा चुकली की सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः.

ही वस्तू इंग्लंडात रूढ झाली ती मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिथे माशांचीही जात होती. सामन आणि ट्राउट हे उमरावांचे मासे, त्यांच्या नद्यांचे हक्क भारी किमतीचे. उरलेले सगळे ‘कोर्स फिश’, म्हणजे भरड, जाडेभरडे मासे. ज्वारी आणि बासमती यांत जो भेद आपण करतो तोच. हे भरड मासे धरायला रविवारी गाडीने नदीकाठी येणारी माणसं बहुतेक कारखान्यांतली. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम, शेफील्ड अशा शहरांतली, ट्रेंट आणि सेव्हर्न नद्यांच्या काठी शर्यती लावणारी. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये मोल्डिंग मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला त्यांची ओळख पटायला हरकत नाही. फीडर हे त्यांचं अवजार. चामडं, रेशीम, पितळ असलं काही त्यात नाही. प्लॅस्टिक, तार, शिसं. पुढे शिशाचे छोटे तुकडे गिळून राजहंस मरायला लागले, तेव्हा १९८७ साली ब्रिटनमध्ये गळाच्या दोराला लावायच्या लहान शिशांवर बंदी आली.

सेव्हर्न नदीची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. तिच्यात बार्बेल नावाचा मासा आधी नव्हता. तोंडाशी मिशा असलेला, जोराच्या धारेत खडीच्या तळाशी चरणारा हा मासा १९५६ साली केनेट नदीतून आणून तिथे सोडला गेला. तो रुजला, वाढला, आणि त्याला धरण्यासाठी जोराच्या धारेत टिकणारे फीडर वापरात आले. म्हणजे अवजार, मासा आणि नदी ही तिन्ही एकमेकांना जुळवून घेत घडली. बार्बेलचा आपल्याशीही एक धागा आहे. आपला महासीर त्याच कुळातला. शास्त्रज्ञ एकेकाळी दोघांना एकाच ‘बार्बस’ या नावाखाली घालत असत.

आता आपल्याकडे वळू. आणि जुन्यापासून सुरू करू, कारण चाऱ्याचं ज्ञान आपल्याकडे नव्याने आलेलं नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, आपल्या सीमेला लागून. त्याने ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी अभ्यासकांना तो माहीत असतो, कारण त्यातल्या गीतांत जुन्या मराठीचे नमुने सापडतात. पण त्याच ग्रंथाच्या चौथ्या भागात, राजाच्या करमणुकींमध्ये, ‘मत्स्यविनोद’ असं प्रकरण आहे. कोणते मासे समुद्रातले, कोणते नदीतले, कोणते खवल्यांचे, कोणते बिनखवल्यांचे, कोणाला काय खाऊ घालावं, काठी कशी, दोर कसा, गळ कसा, हे सगळं त्यात येतं. इंग्रजीतला गळावरचा पहिला छापील निबंध १४९६ सालचा आहे. मत्स्यविनोद त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा. मानसोल्लासाचा पहिला खंड बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित करून १९२५ साली काढला. आणि सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. आम्हाला यातली गंमत अशी वाटते, की राजाच्या ग्रंथात चाऱ्याला जागा मिळाली. गळाइतकीच माशाच्या जेवणाची चौकशी आहे. माशाला आधी जेवू घाला, मग धरा, ही समज तिथे पक्की आहे.

मग प्रश्न असा, की चारा माहीत, गळ माहीत, नद्या तर पावलोपावली; तरी वाहत्या धारेत चारा टिकवणारं फीडरसारखं अवजार इथे रूढ का झालं नाही? अक्कल कमी होती म्हणून, असं उत्तर कुणी देईल तर ते चूक आहे. उत्तर आपल्या नद्यांच्या स्वभावात आहे.

सह्याद्रीची नदी चार महिने वेड्यासारखी धावते आणि उरलेले आठ महिने हळूहळू तुटत जाते. मार्गशीर्ष उलटला की तिच्या जागी डोहांची माळ उरते. इंग्लंडातली नदी वर्षभर साधारण एका चालीने वाहते. आपली तशी नाही. बरं, ती जेव्हा धावते तेव्हा मासा काय करतो? तो अंडी घालायला वर चढतो. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात, खाली कोकणात चढणीचे मासे म्हणतात. पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात मासा येतो आणि गाव टोपल्या, पाग, जे हाताला लागेल ते घेऊन रात्रीच्या रात्री बाहेर पडतं. त्या वेळी गळ कोण टाकत बसेल? मासा स्वतःच घरी आलेला आहे. खाडीत कोळ्यांनी धारेचा आणखी वेगळा उपयोग केला. डोल जाळं खुंटाला बांधून भरती-ओहोटीच्या तोंडाशी उघडं धरलं, म्हणजे पाणीच मासा आणून जाळ्यात घालतं. धार त्यांची कामकरी होती. तिच्याशी झगडण्याचं कारण नव्हतं.

गळ निघतो तो पाणी निवळल्यावर, डोहाच्या काठी. म्हणजे जेव्हा धार असते तेव्हा गळ नसतो, आणि गळ असतो तेव्हा धार नसते. फीडर ज्या अडचणीचं उत्तर आहे ती अडचणच इथे फारशी उभी राहिली नाही.

डोहात चारा टाकण्याची आपली सर्वांत मोठी परंपरा तर गळाशिवायची आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनी देवीचं ठिकाण. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे आहे, शंकराचं. दोन्हीकडे कोंडातल्या माशांना देवाचे मासे मानतात, त्यांना कुणी धरत नाही, येणारा-जाणारा खायला घालतो. आणि मासे, महासीर जातीचे मोठाले मासे, हाताशी येतात. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांबद्दलही हाच भाव होता. इंग्रज गळकरी सकाळभर मेहनत करून जे साधतो, म्हणजे माशाने एक जागा न सोडणं, ते इथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या रोजच्या चाऱ्याने साधलेलं आहे. फरक इतकाच की टोकाला गळ नाही.

या नद्यांतले मासे पाश्चात्त्य शास्त्राच्या वहीत चढले ते कर्नल साइक्सच्या हातून. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी, दख्खनभर हिंडलेला. दख्खनच्या माशांवरचं त्याचं काम १८३० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलं. त्याचा एक गुण आम्हाला फार आवडतो: नवीन माशाला नाव देताना त्याने पुष्कळदा कोळ्या-भोयांच्या तोंडचंच नाव लॅटिनच्या पंगतीत बसवलं. खुद्री, मुसुल्ला, कोलस, बोगट. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला महासीर आजही जगभर ‘टॉर खुद्री’ या नावानेच ओळखला जातो. नाव घेणारा जपानी असो की ब्राझीलचा, एक मराठी शब्द उच्चारतो आणि त्याला ते ठाऊक नसतं.

साइक्सच्या मागून हेन्री सलिवन टॉमस आला. मद्रास इलाख्याचा सनदी अधिकारी. त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली निघालं. ते मुख्यतः नद्यांबद्दल, महासीराबद्दल. पण पुढे १८८७ साली त्याला तलावातल्या मासेमारीवर वेगळं पुस्तक लिहावंसं वाटलं, ‘टँक अँगलिंग इन इंडिया’. या दोन पुस्तकांच्या मधल्या चौदा वर्षांत आम्हाला एक इशारा दिसतो. हिंदुस्थानात वर्षभर गळ टाकायचा तर नदीकडून तलावाकडे जावं लागतं, हे साहेबालाही उमगलं होतं.

आणि मुंबई तर तेव्हा तलाव बांधण्यातच गुंतली होती. १८५४ च्या टंचाईने शहर हादरलं होतं. मिठीच्या वरच्या खोऱ्यात बांध घालून विहार तलाव झाला आणि १८६० साली त्याचं पाणी शहरात पोचलं. मग १८७९ साली तुळशी. मग १८९० च्या आसपास पवई. पवईच्या पाण्याची प्रत पिण्याजोगी निघाली नाही, म्हणून शहराने लवकरच त्याचा नाद सोडला. हा इंजिनीअरांचा पराभव गळकऱ्यांच्या मात्र पथ्यावर पडला. पिण्याच्या पाण्याला पहारा असतो, कुंपण असतं. न पिण्याच्या पाण्यावर माणूस काठी घेऊन बसू शकतो. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या गळकऱ्यांच्या संस्थेचं नाव पवईशी जोडलं गेलं ते त्यातूनच. आज पवईत साधारण ५४५ कोटी लिटर पाणी मावतं, ते उद्योगांना आणि आरे कॉलनीला जातं.

त्यात मासे कोणते? रोहू, कटला, मृगळ. हे सह्याद्रीच्या नद्यांचे मूळ रहिवासी नव्हेत. गंगेच्या खोऱ्याकडचे पाहुणे. ते थांबलेल्या पाण्यात वाढतात पण तिथे आपण होऊन अंडी घालत नाहीत, त्यांना पुराची धार लागते. म्हणून पूर्वी त्यांचं बीज नद्यांतून गोळा करून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी माशाला दुसऱ्या माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावलं आणि हे अवलंबन संपलं. त्यानंतर देशात कुठेही, कुठल्याही तळ्यात, धारेशिवाय रोहू मिळू लागला. माशालासुद्धा नदीची गरज उरली नाही, असं म्हणायचं मनात येतं. पण ती गरज संपली नाही, सुईने भागवली गेली.

या थांबलेल्या पाण्यात फीडर आला आणि त्याने रूप बदललं. आपल्याकडचा फीडर म्हणजे तारेची स्प्रिंग. तिच्यावर भाजलेल्या डाळीचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, ब्रेडचा चुरा, कुणाचा गूळ, कुणाची बडीशेप, असा मळलेला गोळा थापायचा. भोवती चार-सहा बारीक गळ लोंबते किंवा गोळ्यातच खुपसलेले. रोहूचं तोंड खालच्या बाजूला असतं, तो चावत नाही, ओढून घेतो. गोळा चोखता चोखता गळ तोंडात जातो. काठीच्या टोकाला घुंगरू. घुंगरू वाजलं की चहाचा पेला खाली ठेवायचा. मसाल्याचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं आणि ते कुणी कुणाला खरं सांगत नाही.

हीच स्प्रिंग धारेत टाका. दोन मिनिटांत गोळा धुऊन जातो, स्प्रिंग उघडी पडते आणि गळ एकमेकांत गुंततात. दिसायला फीडरच, पण त्याच्यातली वाहत्या पाण्याची अक्कल गळून गेलेली आहे. ती लागलीच नाही, म्हणून गेली. यात दोष कुणाचा नाही. अवजार जिथे राबतं तसं होतं.

पण आता एक गोष्ट उलटली आहे. महाराष्ट्रात बारमाही धार असलेल्या नद्या आज आहेत, आणि त्या माणसानेच केलेल्या आहेत. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरातून १९२७ पासून कुंडलिकेत उतरतं. कोलाडला उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं ते त्याच पाण्यावर. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत येतं. वीजघर सुरू झालं की नदी चढते, बंद झालं की उतरते, म्हणजे धारेला वेळापत्रक आहे. सेव्हर्नकाठच्या गळकऱ्याला तिथे बसवलं तर तो आधी पाण्याचा वेग बघेल आणि खिशातून तीन वजनांचे तीन फीडर काढेल. खडीचा तळ, जोराची धार, मिशाळ मासा. जी अडचण आपल्या नद्यांनी कधी फारशी घातली नाही, ती आता वीजघरांनी घातली आहे.

आणि अशीच एक बारमाही नदी इथे, आपल्या पायाशी आहे. विहार आणि पवईचं ओसंडलेलं पाणी घेऊन मिठी साकीनाका, कुर्ला, विमानतळाची कड, वांद्रे-कुर्ला संकुल असं करत माहीमच्या खाडीला मिळते. अंतर अवघं अठरा किलोमीटर. ती मूळची पावसाळी नदी. डिसेंबरनंतर तिने इतर नद्यांसारखं डोहांत तुटायला हवं. तशी ती तुटत नाही, वर्षभर वाहते. कारण उन्हाळ्यात तिच्यात वाहतं ते बहुतांशी सांडपाणी. धरणांनी तिचं वरचं पाणी अडवलं आणि वस्तीने, गोठ्यांनी, भंगारवाल्यांनी, तेलाचे पिंप धुणाऱ्यांनी तिला नवं पाणी दिलं. धार आहे, रोहूसारख्या माशाला लागणारा प्राणवायू नाही. मरळीसारखा वर येऊन हवा घेणारा मासा चिवट म्हणून तगला तर तगला.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा शहराला ही नदी आहे हे कळलं. त्याच वर्षी मिठीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. पात्र रुंद केलं, गाळ काढला, भिंती बांधल्या. हे सगळं पाणी लवकर खाली जावं म्हणून. पुराच्या भीतीपोटी ते आवश्यकही होतं, आमचा त्याला विरोध नाही. पण नदीचं मोजमाप किती पाणी किती वेळात गेलं एवढ्यावरच झालं, तर तिच्यात डोह, खडी, भोवरा, माशाला थांबायची जागा, म्हणजे ‘स्विम’, राहत नाही. भिंती घातलेल्या सरळ पात्रात फीडर टाकला तर तो टिकेलही. चारा सुटेल, रेघही ओढली जाईल. रेघ धरून खालून वर यायला कुणी असायला हवं.

तरी दर पावसाळ्यात पवई भरते. पालिका तसं जाहीर करते, वर्तमानपत्रात फोटो येतो. पाणी बांधावरून पडू लागतं आणि त्याबरोबर वरचे काही मासे खाली येतात, रोहू येतात, कटले येतात. ज्यांच्या आज्या-पणज्या सुईने व्यायल्या त्या माशांना तेव्हा पहिल्यांदा खरी धार लागते. बांधाखालून निघालेलं ते पाणी साकीनाक्याच्या दिशेनेच येतं.